शेजाऱ्यांचे करार आणि आपली माणसे

आखाती अरब राष्ट्रांच्या सुरक्षा-सहकार्याचा अर्थ

९ सप्टेंबर २०२५ रोजी इस्रायलच्या हवाई दलाने कतारची राजधानी दोहा येथे हमासच्या नेत्यांच्या निवासस्थानावर हल्ला केला. त्याच्या अडीच महिने आधी, २३ जून रोजी, इराणने कतारमधील अल-उदैद येथील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली होती. एकमेकांचे कट्टर वैरी असलेल्या दोन देशांनी एकाच वर्षात एकाच लहानशा राष्ट्राच्या भूमीवर मारा करावा, ही घटना आखाताच्या इतिहासात अभूतपूर्व म्हणावी लागेल. १८ सप्टेंबर रोजी आखाती सहकार्य परिषदेच्या संयुक्त संरक्षण मंडळाची तातडीची बैठक दोह्यातच भरली. गुप्त माहितीची देवाणघेवाण वाढवावी, आकाशातील हालचालींची खबर सर्व सदस्य देशांना एकाच वेळी मिळावी, क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभारण्याच्या कामाला वेग द्यावा आणि संयुक्त कवायती घ्याव्यात, असे तेथे ठरले.

मढ, एरंगळ, भाटी येथपासून उत्तन-वसईपर्यंतच्या आपल्या धर्मग्रामांत ही बातमी दूरदेशीची म्हणून वाचली जात नाही. कुणाचा मुलगा दोह्यात, कुणाची सून कुवेतच्या रुग्णालयात, कुणाचा भाऊ अबू धाबीच्या तेल कंपनीत असतो. आखातातील सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. साहजिकच प्रश्न उभा राहतो, की शेजारी अरब राष्ट्रांनी एकमेकांशी केलेले हे सुरक्षा करार आपल्या माणसांचे रक्षण करतील काय? या करारांचा गेल्या काही दशकांचा इतिहास तपासला, तर उत्तर फारसे दिलासा देणारे नाही. हे करार मुख्यतः राज्यकर्त्यांचे आसन स्थिर ठेवण्यासाठी झाले. त्या राज्यांत घाम गाळणाऱ्या परदेशी माणसाचा विचार करणे हे त्यांचे प्रयोजन कधीच नव्हते.

परिषदेचा जन्म

अरब राष्ट्रांनी एकमेकांच्या संरक्षणाची हमी देण्याची कल्पना जुनी आहे. १९४५ साली अरब लीगची स्थापना झाली. १९५० साली तिच्या सदस्यांनी संयुक्त संरक्षण व आर्थिक सहकार्याचा तह केला आणि एकावरील आक्रमण हे सर्वांवरील आक्रमण मानण्याचे वचन दिले. १९६१ साली नुकत्याच स्वतंत्र झालेल्या कुवेतवर इराकने हक्क सांगितला, तेव्हा आधी ब्रिटिश सैनिक आणि नंतर अरब लीगचे दल कुवेतमध्ये उभे राहिले व तो प्रसंग निभावला. अरब शेजाऱ्यांच्या सामूहिक वचनाला आलेले हे एक दुर्मीळ यश होय.

१९७९ साली इराणमध्ये इस्लामी क्रांती झाली आणि पुढच्याच वर्षी इराण-इराक युद्ध पेटले. या दोन आगींच्या मध्ये सापडलेल्या सौदी अरेबिया, कुवेत, बहरीन, कतार, ओमान आणि संयुक्त अरब अमिराती या सहा राजसत्तांनी २५ मे १९८१ रोजी अबू धाबी येथे आखाती सहकार्य परिषद स्थापन केली. परिषदेच्या सनदेत व्यापार, शिक्षण, आरोग्य, दळणवळण यांचे उल्लेख आढळतात. लष्करी सहकार्याची भाषा तेथे नाही. परंतु सनदेच्या शाईला वर्षही झाले नव्हते, तोच डिसेंबर १९८१ मध्ये बहरीनमध्ये राज्य उलथून टाकण्याचा कट उघडकीस आला. त्याच महिन्यात सौदी अरेबियाने बहरीनशी अंतर्गत सुरक्षेचा करार केला आणि पुढील काही आठवड्यांत ओमान, कतार व अमिराती यांच्याशीही तसेच करार केले.

कुवेत मात्र दूर राहिला. फरारी माणसाचा पाठलाग करीत एका देशाच्या पोलिसांना दुसऱ्या देशाच्या हद्दीत शिरण्याची मुभा देणारे कलम कुवेतला मान्य नव्हते. आपल्या राज्यघटनेशी ते विसंगत आहे, अशी त्याची भूमिका होती. त्यानंतर 'पेनिन्सुला शील्ड', म्हणजे द्वीपकल्पाची ढाल, या नावाचे संयुक्त सैन्यदल उभारण्यात आले. त्याचा तळ सौदी अरेबियाच्या ईशान्येस, कुवेत आणि इराक यांच्या सीमांपासून जवळच ठेवण्यात आला.

ढाल कुठे होती?

या ढालीची परीक्षा २ ऑगस्ट १९९० रोजी झाली. त्या पहाटे इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि काही तासांतच देश त्यांच्या हाती गेला. कागदांची वाण नव्हती. १९५० चा तह होता आणि इराक व कुवेत हे दोघेही त्या वेळी अरब लीगचे सदस्य होते. १९६३ साली इराकने कुवेतचे स्वातंत्र्य लेखी मान्य केले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये इराकने इजिप्त, जॉर्डन व उत्तर येमेन यांच्यासह अरब सहकार्य परिषद स्थापन केली होती आणि मार्च १९८९ मध्ये सौदी अरेबियाशी अनाक्रमणाचा करारही केला होता. यांपैकी एकाही कागदाने रणगाडे थांबले नाहीत. सहा देशांच्या ढालीत आक्रमकाला रोखण्याइतके बळच नव्हते. अरब सहकार्य परिषद तर या आक्रमणाबरोबरच संपुष्टात आली.

तेव्हा कुवेतमध्ये सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. त्यांच्यासाठी कोणत्याही अरब करारात कोणतीही तरतूद नव्हती. तत्कालीन परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांची भेट घेतली. आपली माणसे मिळेल त्या वाहनाने इराक ओलांडून जॉर्डनची राजधानी अम्मान येथे पोहोचली. तेथून १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर १९९० या काळात एअर इंडियाच्या ४८८ उड्डाणांनी लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. नागरी विमानांनी केलेली इतकी मोठी सुटका जगाने आधी पाहिली नव्हती. त्या दिवसांत नेसत्या वस्त्रांनिशी सहार विमानतळावर उतरलेल्या माणसांची आठवण आपल्या वडीलधाऱ्यांना निश्चितच असेल. आयुष्याची कमाई तिकडच्या बँकांत अडकली होती आणि हाती होता तो केवळ पासपोर्ट.

परक्याचे कवच आणि वसईचा धडा

कुवेतच्या मुक्ततेनंतर, मार्च १९९१ मध्ये, सहा आखाती देशांनी इजिप्त व सीरिया यांच्यासह दमास्कस घोषणा प्रसिद्ध केली. या दोन मोठ्या अरब देशांच्या फौजांनी आखाताचे रक्षण करावे आणि श्रीमंत देशांनी त्यांना आर्थिक साह्य द्यावे, अशी ती योजना होती. ती प्रत्यक्षात उतरलीच नाही. शेजाऱ्याची फौज एकदा घरात आली की परत जाईल याची खात्री कोणालाच वाटेना. सप्टेंबर १९९१ मध्ये कुवेतने अमेरिकेशी संरक्षण करार केला आणि बहरीन व कतार यांनीही पाठोपाठ तोच मार्ग धरला. जवळच्या भावापेक्षा दूरचा परका बरा, असा हा हिशेब होता.

या हिशेबाचे मोल काय असते, हे आपल्या किनाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? हुमायूनच्या स्वारीने धास्तावलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगिजांशी वसईचा तह केला आणि वसई व भोवतीची बेटे त्यांच्या स्वाधीन केली. गुजरातहून तांबड्या समुद्राकडे निघणाऱ्या गलबतांनी वसईत परवाना घ्यावा, असेही त्या तहात ठरले होते. अरबस्तानाच्या वाटेवरचा पहारा असा आपल्या दारात बसला. ज्यांचे साह्य मागितले त्याच पोर्तुगिजांशी दीवजवळ झालेल्या चकमकीत १५३७ साली बहादूरशहाचा अंत झाला. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी, होळकरांच्या भीतीने पुणे सोडून आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने त्याच वसईत इंग्रजांशी तह केला. इंग्रजी पलटणी पदरी घेतल्या, त्यांच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि इतर सत्तांशी स्वतंत्रपणे व्यवहार करण्याचा अधिकारही गमावला. १८१८ साली पेशवाईच संपली.

या तहांवर मढच्या कोळ्याची वा एरंगळच्या शेतकऱ्याची सही नव्हती. तरीही मढच्या टोकावरचा किल्ला, एरंगळच्या किनाऱ्यावर १५७५ साली उभे राहिलेले संत बोनाव्हेंचर ख्रिस्तमंदिर, १७३९ साली मराठ्यांच्या विजयानंतर झालेली उलथापालथ, किंबहुना आपण आज ज्या श्रद्धेने प्रभूला हाक मारतो तिचा या किनाऱ्यावरील इतिहास, हे सारे त्या राजकारणाशी बांधलेले आहे. करार करणारे वेगळे आणि त्याचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या जगणारे वेगळे असतात. आखातातील करारांकडेही आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

कवच कोणाकडे तोंड करून?

डिसेंबर २००० मध्ये मनामा येथे सहा देशांनी संयुक्त संरक्षण करारावर सह्या केल्या आणि एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला, हे सूत्र पुन्हा एकदा लिहून काढले. मात्र त्यांच्या संयुक्त व्यवस्थेचा सर्वांत ठळक वापर बाहेरच्या शत्रूविरुद्ध झालेला नाही. १४ मार्च २०११ रोजी सौदी सैनिकांच्या गाड्या राजा फाहद सेतू ओलांडून बहरीनमध्ये शिरल्या. अमिरातीचे पोलिसही गेले. बहरीनच्या रस्त्यांवर तेव्हा त्याच देशाचे नागरिक राजकीय सुधारणांची मागणी करीत होते. बाहेरचा शत्रू रोखण्यासाठी घडवलेली ढाल घराच्या अंगणाकडे वळली. बहरीनच्या राजसत्तेचे म्हणणे असे, की देशातील महत्त्वाच्या ठिकाणांच्या रक्षणासाठी व इराणच्या हस्तक्षेपाच्या भीतीने हे साह्य मागवले. भीती खरी असेलही. परंतु सुरक्षा या शब्दाचा राज्यकर्ते कोणता अर्थ लावतात, ते या प्रसंगाने दाखवून दिले.

नोव्हेंबर २०१२ मध्ये रियाध येथे सहा देशांनी अंतर्गत सुरक्षेच्या नव्या करारावर सह्या केल्या. त्यातील एक तरतूद आपल्या वाचकांनी लक्षपूर्वक समजून घ्यावी. दुसऱ्या सदस्य देशाने मागणी केल्यास आपल्या नागरिकांची व रहिवाशांची माहिती त्याला पुरवावी, असे हा करार सांगतो. 'रहिवासी' या शब्दात परदेशी कामगार येतो. म्हणजे या कराराने त्याची दखल घेतली, पण ती नोंदवहीतील एक नाव म्हणून. त्याचे वेतन थकले, मालकाने पासपोर्ट अडकवून ठेवला, युद्ध पेटले, तर त्याचे काय, याविषयी हा करार काही बोलत नाही. मानवी हक्क संघटनांनी या करारावर टीका केली आणि कुवेतच्या लोकनियुक्त संसदेतही त्याला कडवा विरोध झाला. मे २०२४ मध्ये कुवेतच्या अमिरांनी ती संसदच विसर्जित करून घटनेतील काही कलमे स्थगित केली, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

सहा देशांत माहिती कशी फिरते, याचा अनुभव नोकरीसाठी निघालेल्या तरुणाला मुंबईतच येतो. व्हिसाआधीच्या गल्फ मेडिकलमध्ये तो एका देशासाठी अपात्र ठरला, तर उरलेल्या पाच देशांची दारेही त्याला बंद होतात. ही आरोग्यविषयक व्यवस्था आहे, सुरक्षा करार नव्हे; परंतु शेजारी राष्ट्रे मनात आणले तर किती काटेकोर सहकार्य करू शकतात, याचा तो नमुना आहे. तेवढाच काटेकोरपणा कामगाराच्या हक्कांबाबत दिसत नाही, ही खरी तक्रार आहे.

भाऊबंदकी

बाहेरचा शत्रू बाजूला ठेवला, तरी या सहा घरांत आपसांतही सलोखा टिकलेला नाही. एकमेकांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये आणि विरोधकांना थारा देऊ नये, अशी वचने २०१३ व २०१४ च्या रियाध करारांत दिली-घेतली गेली. कतारने ती मोडली, असा आरोप करून ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. जमिनीवरची एकमेव सीमा बंद झाली, आकाश बंद झाले, बंदरे बंद झाली. कतारच्या अन्नपुरवठ्याचा मोठा भाग सौदी अरेबियातून रस्त्याने येत असे. तो एका रात्रीत थांबला. तुर्कस्तान, इराण आणि ओमान यांच्या मदतीने दोह्याची दुकाने पुन्हा भरली. कतारच्या हमद बंदरातून आपल्या न्हावा शेवा व मुंद्रा बंदरांपर्यंत थेट मालवाहतुकीची सेवाही त्याच वर्षी सुरू झाली. ज्या करारांनी शेजाऱ्यांना जवळ आणायचे, त्यांचेच बोट धरून हा बहिष्कार आला! कुवेतच्या अमिरांच्या मध्यस्थीचे फळ म्हणून ५ जानेवारी २०२१ रोजी अल-उला येथील घोषणेने हा साडेतीन वर्षांचा तंटा मिटला.

मित्राच्या युद्धात उतरण्याची किंमतही कामगारच मोजतो. २०१५ पासून अमिराती सौदी अरेबियाच्या जोडीने येमेनच्या युद्धात होती. १७ जानेवारी २०२२ रोजी येमेनच्या हुथी बंडखोरांनी अबू धाबीवर हल्ला केला. मुसफ्फा येथील तेलसाठ्याजवळ टँकर पेटले आणि तिघे मृत्युमुखी पडले. त्यांपैकी दोघे भारतीय होते व एक पाकिस्तानी. त्या युद्धाशी या तिघांचा काय संबंध होता?

ख्रिस्तसभेची सीमारेषा

या पार्श्वभूमीवर आखातातील ख्रिस्तसभेची रचना विचार करण्याजोगी आहे. कुवेत, बहरीन, कतार आणि सौदी अरेबिया हे चार देश मिळून उत्तर अरेबियाचा एकच अपॉस्टॉलिक व्हिकॅरिएट आहे. अमिराती, ओमान व येमेन यांचा दुसरा, दक्षिण अरेबियाचा. २०१७ साली बहिष्कार घालणारे सौदी अरेबिया व बहरीन आणि बहिष्कृत कतार हे एकाच महागुरुस्वामींच्या कळपात होते. राजांनी सीमा बंद केल्या, तरी मिस्सेत प्रभूभोजनाला बसणारी प्रजा एकच राहिली. तिच्यात आपले लोक आहेत, गोवेकर, मंगळूरकर व केरळी आहेत, तसेच फिलिपिनो आणि अरब ख्रिस्ती बांधवही आहेत.

बहरीनच्या राजांनी दिलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या अवाली येथील 'अवर लेडी ऑफ अरेबिया' कॅथेड्रलचे पवित्रीकरण १० डिसेंबर २०२१ रोजी झाले. सौदी अरेबियात मात्र एकही ख्रिस्तमंदिर नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये अबू धाबीला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बहरीनला भेट दिली. अबू धाबीत अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांच्यासह त्यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर स्वाक्षरी केली. त्या कागदामागे रणगाडे नव्हते, म्हणून तो दुर्बळ असे कोणी म्हणेल. परंतु रणगाडे असलेल्या कागदांचे काय झाले, ते आपण पाहिलेच आहे. राष्ट्रांमधील खरी शांती शस्त्रांच्या समतोलावर नव्हे, परस्पर विश्वासावर उभी राहते, ही शिकवण पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ सालच्या 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रकात दिली आहे. त्याच्याही कितीतरी शतके आधी यशया संदेष्ट्याने, इजिप्तच्या घोड्यांवर व रथांवर भिस्त ठेवणाऱ्या यहुदाच्या राज्यकर्त्यांना सावध केले होते. न्याय हा पाया नसेल तर करार संकटकाळी टिकत नाही, हा त्याच्या इशाऱ्यामागील आशय आजही तितकाच लागू पडतो.

आपण काय करावे?

शेजारी राष्ट्रांनी एकत्र येणे वाईट आहे, असा निष्कर्ष मात्र यातून कोणी काढू नये. क्षेपणास्त्राची पूर्वसूचना एका देशाकडून दुसऱ्याला काही मिनिटे आधी मिळाली, तर त्या मिनिटांत वाचणाऱ्या जिवांत आपलेही असतील. अल-उलाच्या सलोख्याने सहस्रावधी कुटुंबांचा मार्ग सुकर झाला. प्रश्न आहे तो या सहकार्यात कामगाराला स्थान मिळण्याचा. संकटकाळी परदेशी कामगारांना सुरक्षित वाट देणे, त्यांचे पासपोर्ट त्यांच्या हाती राहणे, थकलेले वेतन सीमेपलीकडूनही मिळणे, या गोष्टी सहा देशांच्या करारात येऊ शकतात. भारत सरकारने आपल्या द्विपक्षीय वाटाघाटींत त्यांचा आग्रह धरावा आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी पाठपुरावा करावा. ही मागणी संघटितपणे मांडणे हे प्रापंचिकांचे कर्तव्य आहे.

तोवर काही साध्या गोष्टी आपल्या हाती आहेत. आखातात पोहोचताच भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवावे. पासपोर्ट, व्हिसा व नोकरीचा करारनामा यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. एमिग्रेशन तपासणी आवश्यक असलेल्या पासपोर्टवर जाणाऱ्यांनी ई-मायग्रेट यंत्रणेतूनच जावे आणि प्रवासी भारतीय विमा योजना घेतल्याची खात्री करावी. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' संकेतस्थळ आहे. साऱ्या कमाईचा ठेवा तिकडच्याच बँकेत ठेवू नये, हा १९९० चा धडा तर कधीच विसरू नये. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या आखातातील सदस्यांची यादी व संपर्क तयार ठेवावा. संकटाच्या रात्री कोणाच्या घरी धीर द्यायला जायचे, हे त्या यादीवरूनच कळेल. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी एरंगळच्या सणाला भाविक जमतात, तेव्हा समुद्रापलीकडच्या आपल्या माणसांसाठी आणि ज्या अरब बांधवांच्या देशांनी त्यांना भाकरी दिली त्यांच्यासाठीही प्रार्थना व्हावी. यादीचे काम मात्र सणाची वाट न पाहता येत्या रविवारच्या मिस्सेनंतरच सुरू करता येईल.